टेपवर मरायला बंदी

आमच्या साखर कारखान्यात १९७३च्या दिवाळीपासून माणूस मरायचा बंद झाला. म्हणजे मरत होता, पण आपापल्या घरी. कारखान्याच्या सभासद यादीत मरत नव्हता. डॉक्टरांना न जमलेलं हे काम एका टेपरेकॉर्डरनं केलं, आणि त्यात आवाज माझा होता, म्हणून सांगायचा अधिकारही माझाच.

मी छगन, शेअर्स खात्यात कारकून. नोकरीला लागलो ते आवाजावर. पुणतांब्याच्या जत्रेत कुस्त्यांचा पुकारा मी करायचो. तो ऐकून चेअरमन आबासाहेब म्हणाले, "ह्याला घ्या. ह्याचा आवाज कुठं बी जातोय." अक्षर कुणी बघितलंच नाही. बघितलं असतं तर मी अजून जत्रेतच असतो.

त्या दसऱ्याला आबासाहेबांचा भाचा गोरक्षनाथ अमेरिकेतून आला. तिकडं एका टेलिफोन कंपनीत तो कॉम्प्युटरवर होता. तिथं युनिक्स नावाचं काहीतरी नवीन निघालं होतं. ते काय, हे त्यानं आम्हाला तीनदा समजावलं आणि आम्ही तीनदा माना डोलावल्या. त्यातलं एक मात्र खरंच कळलं. कॉम्प्युटरसुद्धा विसरतो. म्हणून त्याच्या पोटात जे जे असेल त्याची नक्कल टेपवर काढून ठेवतात. पहिल्यांदा सगळ्याची. मग रोज सगळं काढत बसायचं नाही, कालपासून जे बदललं तेवढंच काढायचं. यंत्र बिघडलं, की आधी मूळ टेप चढवायची, मग बदलांच्या टेपा तारखेप्रमाणे एकामागून एक. सगळं होतं तसं उभं राहतं.

"आन आपल्याकडं कॉम्प्युटर न्हाई, त्याचं काय?" आबासाहेबांनी विचारलं.

"टेप आहे ना मामा," गोरक्षनाथ म्हणाला.

टेप होती. मामाला भेट म्हणून त्यानंच स्पूलचा मोठा टेपरेकॉर्डर आणला होता. आपली भाषणं आपणच ऐकायची सोय झाली, असं मामांना वाटलं होतं.

मग मी वाचायला बसलो. चार हजार तीनशे बारा सभासद. नंबर, नाव, गाव, शेअर किती, ऊस किती. नऊ दिवस आणि सोळा स्पूल लागले. आठव्या दिवशी घसा बसला, त्यामुळं शेवटचे चारशे सभासद टेपवर सर्दी झाल्यासारखे आहेत. पण मूळ नक्कल झाली. त्यानंतर रोज पाचच्या भोंग्याला फक्त 'आजचे बदल' वाचायचे. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी टेप वाजवून खात्री करायची आणि स्पूल आबासाहेबांच्या घरी, गोदरेजच्या कपाटात.

जाताना गोरक्षनाथ शेअर्स खात्याच्या हेडक्लार्कना, रंगनाथअण्णांना, बजावून गेला. "वाढलेलं सांगा, तसं कमी झालेलंही सांगा. कमी झालेलं गाळलंत, तर गेलेली नावं परत येतील."

"येतील तर येऊ द्या की," अण्णा म्हणाले. "आपलीच मानसं हायेत."

लक्ष्मीपूजनाला रेकॉर्डरची पूजा झाली. हळद, कुंकू, झेंडूचा हार, नारळ. थोडं कुंकू आत गेलं, तेव्हापासून सगळ्यांचे आवाज जरा खरखरतात. आबासाहेबांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "चला, शुभ कायतरी ऐकवा." मी बटण दाबलं. टेप कालच्या बदलावर होती. कुस्तीच्या पुकाऱ्याला शोभेल अशा माझ्याच आवाजात मशीन म्हणालं, "सभासद नंबर अठराशे चार, वारले!"

आबासाहेबांचा पेढा कितीतरी वेळ गालातच राहिला.

"लक्ष्मीपूजनाच्या दिवशी?" ते म्हणाले. "माझ्याम्होरं?"

रंगनाथअण्णांनी तिथल्या तिथं शास्त्र सांगितलं. माणूस मेला की एकदा मेला. पण टेपवर मेला की वाजवाल तितक्यांदा मरतो. शिवाय रोज सकाळी खात्री करायला वाजवायचं, म्हणजे प्रत्येक मयत किमान दोनदा. "एका सभासदाला दोन-दोन मरणं द्यायची, हे काय सहकाराचं तत्त्व हाय का?"

नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. त्या दिवसापासून टेपवर अशुभ बोलायला बंदी आली. नवीन सभासद, वाढलेले शेअर, वाढलेला ऊस, एवढंच वाचायचं. वारलेल्यांसाठी अण्णांनी एक निराळी वही केली. वारलेल्याच्या जागी बायकोचं किंवा मुलाचं नाव लागायचं, तेही त्याच वहीत, कारण 'वारल्यामुळं' म्हटल्याशिवाय ते वाक्य सुरूच होत नाही. वहीला लाल फडकं बांधलं आणि ती सुरक्षित राहावी म्हणून सभासद रजिस्टरच्या शेजारीच ठेवली.

जानेवारीत मळीची टाकी फुटली.

साखर काढून झाल्यावर जो काळा चिकट पाक उरतो ती मळी. आमचं रेकॉर्ड रूम टाकीच्या उतारावर होतं, कारण तिथं सावली असते. दार उघडलं तेव्हा रजिस्टर आणि अशुभ वही यांची मिळून एक वीट झाली होती. उन्हात वाळवावी म्हणून ओट्यावर ठेवली, तर मुंग्या आल्या. साखर कारखान्यातल्या मुंग्या, खात्यापित्या घरच्या. तीन दिवसांत त्यांनी अकोळनेर ते कोपरगाव सगळे सभासद संपवले.

पण आमच्याकडं टेप होती! आबासाहेबांनी छाती पुढं काढून फिरून घेतलं. आधी मूळ सोळा स्पूल, मग रोजचे बदल, अगदी तारखेनं. मी मशीन चालवायचो, तीन कारकून लिहायचे. तेरा दिवसांनी यादी उभी राहिली. एकही सभासद कमी नव्हता. तीच तर गोम होती. दिवाळीनंतर वारलेले चाळीसच्या चाळीस जण यादीत परत आले होते, तब्येतीनं ठणठणीत, शेअर आणि उसासकट. त्यांच्या जागी ज्यांची नावं लागली होती ती माणसं मात्र कुठंच नव्हती. ती मुंग्यांच्या पोटात होती.

मी ते अण्णांना दाखवलं. अण्णांनी आबासाहेबांना दाखवलं. आबासाहेबांनी यादी दोनदा वाचली, मार्चमधल्या संचालक मंडळाच्या निवडणुकीचा थोडा विचार केला, आणि ठराव झाला. टेपवरची यादी हीच अधिकृत यादी. टेपवर जे आहे ते खरं, टेपवर नाही ते खरं नाही.

"मेलेला सभासद लई चांगला," अण्णा मला खाजगीत म्हणाले. "तक्रार न्हाई, सभेला येत न्हाई, आन मत कुनाला द्यायचं हे इचारत न्हाई."

मग सोमवारी मुक्ताबाई आल्या.

मुक्ताबाई दहे, पुणतांब्याच्या अलीकडच्या मळ्यातल्या. नवरा सहादेव दहे कार्तिकात वारला. दोन एकर ऊस उभा, त्याच्या तोडीची पाळी आलेली. कारखान्यानं तोडीची चिठ्ठी पाठवली होती, पण सहादेवच्या नावानं. खाली छापलेलं, 'सभासदाने समक्ष येऊन सही करावी.' सही झाल्याशिवाय ऊस तोडणारी टोळी शेतात पाऊल ठेवत नाही. चिठ्ठीची मुदत शनिवारपर्यंत. मुदत गेली की पाळी गेली, आणि पाळी गेली की दोन एकर ऊस उभ्या जागी वाळायचा. उसाला तुरा आधीच आलेला, विहीर तळाला गेलेली.

"सभासद कुठंयत?" अण्णांनी विचारलं.

"ते गेले."

"कुठं गेले?"

"कार्तिकात गेले."

"मंग आल्यावर पाठवा."

मुक्ताबाईंनी अण्णांकडं नीट बघून घेतलं. मग पिशवीतून ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला काढून टेबलावर ठेवला. "भाऊसाहेब, ह्यो बगा. शिक्क्याचा हाय."

अण्णांनी दाखला उलटसुलट केला. "कागद चांगला हाय. पन ह्यो वाजतोय का?"

"आँ?"

"मशीनवर वाजतोय का? न्हाई. ठराव झालाय बाई, वाजंल ते खरं."

"मंग मशीनीत घाला की त्यांचं."

"मशीनीत अशुभ बोलायची बंदी हाय."

"मंग माजं नाव?"

"तुमचं नाव लागाया आदी ते वारायला पायजेत."

"ते वारलेच हायेत!"

"टेपवर न्हाई वारले."

मी मान खाली घालून रेकॉर्डर पुसत होतो. मागं कार्तिकात सहादेवचा कागद माझ्याच हातात आला होता आणि मीच तो अण्णांच्या लाल फडक्याच्या वहीत सारला होता. तेव्हा मला तो चांगला विनोद वाटला होता. मी दोन दिवस लोकांना सांगत होतो.

मंगळवारी मुक्ताबाई परत आल्या, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. ऑफिसच्या व्हरांड्यात बसल्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला विचारायला लागल्या.

"आमचे मालक आत हायेत का हो?"

"कोन मालक?"

"दहे मळ्याचे. त्यांचं नाव हाय न्हवं तुमच्या यादीत? जित्ते हायेत म्हनत्यात. घरी तर न्हाईत, मंग हितंच असतील. भाकरी आनलीया. आन त्यांना सांगा, गोठ्याचं छप्पार र्‍हायलंय."

लोक हसले. बुधवारीही हसले, पण जरा लांबून. तोपर्यंत गावात कळलं होतं की कारखान्यानं दहे मळ्याचा धनी आत कोंडून ठेवलाय. पाथर्डीकडून आलेल्या तोडीच्या टोळीचा मुकादम कानिफनाथ तीनदा येऊन विचारून गेला.

"मावशे, टोळी रिकामी हाय. कोयतं लावू का?"

"चिठ्ठीवर सही न्हाई."

"मंग न्हाई लावता येत," तो म्हणायचा आणि तिथंच बसून राहायचा.

गुरुवारी गर्दी बघायला आबासाहेब स्वतः आले. पाचचा भोंगा व्हायचा होता, मी बदल वाचायच्या तयारीत. मुक्ताबाई भाकरी घेऊन त्यांच्या मागोमाग आत शिरल्या. त्यांना अडवायला अण्णा उठले, पण त्यांची खुर्ची जरा अडचणीत होती.

"मुक्ताबाई," आबासाहेब भाषणाच्या आवाजात म्हणाले, "सहादेव म्हंजी माजा उजवा हात. तो गेला तवा दहाव्याला मी सोता आलो हुतो."

हे खरं होतं. दहाव्याला ते पंधरा मिनिटं बोलले होते, त्यातली बारा स्वतःबद्दल.

"आलता ना?" मुक्ताबाई म्हणाल्या. "मंग कोनाच्या दहाव्याला आलता?"

आबासाहेबांनी अण्णांकडं बघितलं. अण्णा छताकडं बघत होते.

"ते मी वैयक्तिक आलतो," आबासाहेब म्हणाले. "चेअरमन म्हनून न्हाई आलतो."

भोंगा झाला. मी सवयीनं बटण दाबलं, स्पूल फिरायला लागले. मुक्ताबाईंनी फिरणाऱ्या चाकांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"छगनभाऊ, ह्यात बोललं की खरं हुतं, व्हय?"

"ठराव तसाच आहे, मावशी."

"कुनी बी बोललं तरी?"

ठरावात कुणी बोलावं हे लिहिलेलं नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला, मी रोज धरतो तसा तोंडापुढं धरला, आणि स्वच्छ, शांत आवाजात म्हणाल्या,

"आजचे बदल. सभासद नंबर एक. आबासाहेब."

आणि थांबल्या.

स्पूल फिरत होते. आबासाहेबांचा हात छातीकडं गेला, चालू आहे का ते बघायला.

"फुडं काय म्हनू?" मुक्ताबाईंनी मला विचारलं.

"बंद कर ते!" आबासाहेब ओरडले. "छगन, बंद कर!"

इथं मी आयुष्यातलं पहिलं उपयोगी काम केलं. चेहरा सरळ ठेवला आणि म्हणालो, "साहेब, आता बंद करता येत नाही."

"का?"

"नोंद अर्धी आहे. अर्धी नोंद वाईट, असं गोरक्षनाथ सांगून गेलेत. नुसतं नाव राहिलं, तर मशीन पुढचं शेजारच्या नोंदीतलं घेतं."

"शेजारी काय हाय?"

"शेजारी मुक्ताबाईंनी आणलेला सहादेवचा कागद आहे. वारल्याचा."

गोरक्षनाथ असलं काही सांगून गेला नव्हता. तो त्या वेळी न्यू जर्सीत साखरझोपेत असावा.

"पुसून टाक ना मंग," अण्णा म्हणाले.

"पुसतो की," मी म्हणालो. "कोणाचं पुसू? नंबर एकचं नाव पुसू?"

"न्हाई न्हाई!" आबासाहेबांनी दोन्ही हात वर केले. "पुसू नको! हात लावू नको! उपाय काय ते सांग."

"वाक्य पुरं करायचं. शुभ करून. आणि ज्याचं नाव त्यानंच करायचं."

मी एका कागदावर वाक्य लिहून दिलं. आबासाहेबांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा मळीसारखा झाला. "ह्यात तो शब्द हाय."

"त्याशिवाय वाक्य होत नाही साहेब. पण त्यात मरतंय दुसरंच."

स्पूल अजून फिरत होता. टेप संपायला आली होती. मुक्ताबाईंनी माइक पुढं केला आणि पदरानं त्याचं तोंड पुसून दिलं. आबासाहेबांनी तो विंचू धरावा तसा धरला.

"...यांनी," ते बारीक आवाजात म्हणाले, "सभासद सहादेव दहे हे... हे वार... वारल्यामुळं, त्यांच्या जागी मुक्ताबाई सहादेव दहे यांची नोंद करन्याचा हुकूम दिला हाय."

बोलून झाल्यावर त्यांनी चारी बाजूंना बघितलं. काहीच झालं नाही. फक्त दाराबाहेर मुकादम कानिफनाथ उठला, धोतर झटकलं आणि टोळीला हाळी द्यायला गेला.

अण्णांनी नवी चिठ्ठी लिहिली. मुक्ताबाईंनी अंगठा उठवला, तो हातभर लांब धरून बघितला, आणि चिठ्ठी कंबरेला खोचली. मग तिथंच जमिनीवर बसून फडकं सोडलं आणि भाकरी खायला लागल्या.

"आता न्हाई यायचे ते," मला म्हणाल्या. "घे की अर्धी."

मी घेतली. विनोद सुचला नाही.

शुक्रवारी सकाळी मी ऑफिसात आलो तर व्हरांड्यात रांग होती. राहीबाई, दगडाबाई, भीमाबाई, कडूबाई. सुना, पोरं, एक आंधळा बाप. कुणाच्या हातात दाखला, कुणाच्या तोंडी नुसता चेअरमनसाहेबांच्या हुकमाचा हवाला. अण्णांनी दार लावून घ्यायचा प्रयत्न केला, पण दगडाबाई दारात बसल्या होत्या, आणि दगडाबाई म्हणजे साधारण दारच. मी स्पूल चढवला आणि माइक रांगेच्या हवाली केला. एकेकजण यायचा, नाव घ्यायचा, घसा साफ करायचा आणि बोलायचा. बायका नवऱ्याचं नाव एरवी घेत नाहीत. मशीनपुढं सगळ्यांनी घेतलं. राहीबाईंनी तर सासऱ्याबद्दल नोंदीपेक्षा बरंच जास्त सांगितलं. तो स्पूल मी कुणाला ऐकवत नाही.

अकरापर्यंत आमच्या कारखान्याचे एकोणचाळीस सभासद वारले. सगळे आबासाहेबांचे मतदार.

बाराला माझ्या बदलीचा कागद आला. 'श्री. छगन यांचा आवाज उसाच्या काट्यावर अधिक उपयोगी पडेल.' खाली आबासाहेबांची सही. रेकॉर्डर त्यांनी घरी नेला. आता त्यावर भजनं भरतात, ज्यात कुणी मरत नाही, मुक्त होतात.

काट्याची खोली लहान आहे, खिडकीतून धूळ येते. उसाच्या गाड्या काट्यावर चढतात, मी पुकारा करतो, वजन लिहितो, गाडी पुढं. शनिवारी दुपारी पुणतांब्याच्या बाजूनं चार टायरगाड्या आल्या. पाचट निघालेला, तुऱ्याचा, पण रसाचा ऊस. बैलांच्या पुढं मुक्ताबाई चालत होत्या, हातात कोयता, जशी काही वाटेत कुणी अडवणार होतं.

गाडी काट्यावर चढली. मी नियमाप्रमाणे खिडकीतून ओरडलो, "कोणाचा ऊस?"

त्यांनी वर बघितलं.

"डोळं फुटलं का रं तुजं?" त्या म्हणाल्या. "माजा हाय. ल्ही."